घळीत भांडी कोण घासतं?

एका घाटाच्या पायथ्याला एक शेट राहायचा आणि माथ्यावर एक वाडी होती. वाडीला मीठ लागलं की शेट, तेल लागलं की शेट, आणि सणासुदीला काकवी लागली तरी शेटच. मधली वाट अशी अवघड, की गाडी चढायची नाही. सगळा माल बैलांच्या पाठीवर लादून वर जायचा.

शेटच्या बापापासून एक रीत चालत आली होती. तेल आणि काकवी जाड मातीच्या घड्यांतून वर जायची. घडा रिकामा झाला की घरची बाई तो राखेने घासायची, उन्हात वाळवायची आणि बैल यायच्या दिवशी उंबऱ्याबाहेर उपडा मांडून ठेवायची. बैलवाला भरलेला घडा आत द्यायचा आणि उपडा उचलायचा. उंबऱ्याबाहेर उपडा घडा नसेल तर भरलेला मिळत नसे, मग ते पाटलाचं घर का असेना. त्यामुळे तेच ते घडे वर्षानुवर्षं घाट चढत होते आणि उतरत होते. काही घडे घरातल्या सुनांपेक्षा जुने होते, आणि त्यांना मानही सुनांपेक्षा जरा जास्तच होता.

शेटला मात्र ही रीत बघवत नसे. बैल वर जाताना भरलेले आणि खाली येताना रिकामे घडे लादलेले, म्हणजे माझे बैल अर्धी वाट वारा वाहून आणतात, असं तो म्हणायचा. वरच्या रानात आग्या मोहोळाची मोठमोठी पोळी होती. पेठेत मधाला आणि मेणाला गिऱ्हाईक होतं. बैलांच्या पाठीवरचे घडे हटले तर तिथे मधाचे चामडी बुधले बसतील, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. तेवढी शेटकडे होती.

त्याने कुंभाराकडून पातळ मडकी करून घेतली. एका खेपेपुरती, जोरात शिंकलं तर तडकतील अशी. आणि वाडीत निरोप धाडला, की आता घासायला नको, वाळवायला नको. काकवी संपली की मडकं फेकून द्या, नवं येईल.

सगळे खूश झाले. बायांचे हात वाचले. बैलवाले खूश, कारण उतरताना रिकामे घडे दोरीच्या शिंकाळ्यांत जपून बांधायचा ताप गेला. वाडीतले गडी खूश, कारण पोळी उतरवायचं काम मिळालं. आधी ते पोळ्याचा निम्मा भाग मधमाश्यांना ठेवायचे. आता मागणीच इतकी, की आख्खं पोळं खाली यायला लागलं. अशा वेळी म्हातारी माणसं तरी काहीतरी कुरकुरतात. पण काकवी दर खेपेला मुबलक येत होती, आणि तोंड गोड असलं की कुरकुर करायला जमत नाही.

फेकायचं कुठे, हा प्रश्नच आला नाही. वाडीच्या खालच्या अंगाला, घाटाच्या शेवटच्या वळणाखाली एक खोल घळ होती. पाणवठ्याची पायवाट तिच्याच काठाने जायची. पाण्याला जाता जाता बाया रिकामं मडकं घळीत भिरकावायच्या. शेटची एकुलती एक लेक वाडीतल्या पाटलाच्या घरी दिली होती, तीही भिरकावायची. बापाचीच मडकी, तिला कोण बोलणार?

वर्षभरात घळ निम्मी भरली. आधी मुंग्या लागल्या, मग माश्या, मग घुशी. आंबलेल्या काकवीचा वास पाणवठ्यापर्यंत यायला लागला. बाया नाकाला पदर लावून जायच्या आणि येताना म्हणायच्या की वास तर वास, घासायचं तर वाचलं.

मग एका संध्याकाळी पाणी भरून येणाऱ्या बायांना घळीतून आवाज ऐकू आला. खसखस, खसखस, आणि मधेच मडक्यावर मडकं आपटल्याचा खडखडाट. कुणीतरी खाली बसून भांडी घासत होतं.

एकीने धीर करून हाक मारली, "कोण हाय गं तिथं?"

आवाज थांबला. बायाही थांबल्या. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. मग खाली कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला आणि पुन्हा खसखस सुरू झाली. बायांनी कळश्या तिथेच टाकल्या.

सकाळी गडी काठावर गेले. ओल्या मातीत पाऊल उमटलेलं होतं. माणसाचंच म्हणावं असं, अनवाणी, टाच आणि पाचही बोटं असलेलं. पण प्रत्येक बोटाच्या पुढे बोटभर लांब नखाची खूण होती.

वाडीत सगळ्यांच्या तोंडी एकच बोलणं झालं. ही हडळ आहे. कुणाची तरी मेलेली सासू आहे, सुनांनी टाकलेलं काम करायला आली आहे. सुनांची तर पाचावर धारण बसली. काहीजणींनी मडकी पुन्हा राखेने लख्ख घासायला सुरुवात केली. पण घासून झाल्यावर ती घळीतच टाकायची होती, कारण न्यायला कुणी नव्हतं.

हडळीचा घोळ गुराख्याने मिटवला. त्याची शेळी घळीत उतरली म्हणून तो मागे उतरला. वर आला तेव्हा अर्धा चेहरा त्याने हाताने धरून ठेवला होता. एवढंच म्हणाला, "अस्वल," आणि खाली बसला. तो जगला, पण त्याच्याकडे बघून पोरं रडायला लागायची.

क्षणभर लोकांना हायसं वाटलं असेल. मग जास्तच भीती वाटली. हडळीला लिंबू उतरून टाकता येतं, अस्वलाला काय उतरून टाकणार? आणि अस्वलाचं तरी काय चुकलं होतं? त्याचं रानातलं मोहोळ शेटच्या बुधल्यात गेलं होतं आणि शेटची काकवी त्याच्या वाटेत सांडली होती. ते आलं, मडकी चाटली, पुन्हा आलं. एकाची दोन झाली. मग पाठीवर पिल्लू घेतलेली एक मादी यायला लागली.

वाडी बदलली. सूर्य कलला की दारं लागायची. पाणवठा सुटला, लोक डबक्यातलं गढूळ पाणी गाळून प्यायला लागले. घरात कुणी भांडं घासायला घेतलं की दुसरं कुणीतरी म्हणायचं, थांब, आवाज नको. पोरांनी संध्याकाळचं हसणंसुद्धा सोडलं.

बैलवाल्यांनी वर जायला नकार दिला तेव्हा शेटने त्यांच्यासोबत एक ढोलवाला दिला. ढोल वाजवत चढा, जनावर पळून जाईल. पहिल्या खेपेला पळालं. दुसऱ्या खेपेला लांब उभं राहून बघत बसलं. पुढे पुढे अस्वलांना नीट उमजलं, की ढोल वाजला म्हणजे काकवी आली. ढोल ऐकला की ती घळीत येऊन वाट बघायची. हे वाडीच्या ध्यानात आलं, पण शेटपर्यंत कुणी पोचवलं नाही. शेटला मालापुरतंच ऐकू यायचं.

असं चालू असताना शेटच्या लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत मोडायची कुणाची छाती नव्हती. दिवाळीच्या तोंडावर तिला खाली आणायची वेळ आली. शेटने भोयांना बोलावलं. डोली खांद्यावर घेऊन घाट उतरणारी ती माणसं, त्यांना वाटेचा दगड न् दगड ठाऊक. त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, "शेट, पोरगी आमचीबी हाय. न्यू की. पर आधी घळ मोकळी करा. तितं कोण जेवाय बसतंय, ते तुमास्नी ठावं हाय."

घळ मोकळी करायची म्हणजे बैल रिकामे वर न्यायचे आणि खापरं लादून खाली आणायची. एक-दोन खेपांचं काम नव्हतं ते. आणि वाडीत दिवाळीचा मध बुधल्यांत भरून तयार होता, पेठेत व्यापारी खोळंबले होते.

शेटच्या बायकोने त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला. "अहो, मध राहू द्या तिथेच. आधी खापरं उतरवा. माझी पोर त्या वळणावरून यायची आहे."

शेट म्हणाला की एवढी खेप होऊ दे, दिवाळी झाली की घळ साफ करतो. भोयांना जास्त मजुरी कबूल केली. आणि स्वतः सोबत निघाला. बाप बरोबर असल्यावर काय होतंय, असं त्याने बायकोला सांगितलं, आणि त्याला ते खरंही वाटत होतं.

वर जाताना काही झालं नाही. त्यामुळे शेटला आणखी जोर चढला. वाडीत त्याने मधाचे बुधले बैलांवर लादून घेतले, लेकीला डोलीत बसवली आणि सकाळीच निघाला. धुकं इतकं, की पुढच्या बैलाचं शेपूट दिसेना. लेकीच्या सासूने वाटेत खायला म्हणून काकवीचं एक लहान मडकं तिच्या मांडीवर दिलं होतं. तिला त्याचेच डोहाळे लागले होते.

वळण जवळ आलं तसा शेट ढोलवाल्याला म्हणाला, "वाजव." ढोलवाल्याने नाही म्हणून मान हलवली. शेट खेकसला. ढोलवाल्याने वाजवला.

घळीतून खडखडाट झाला. मडक्यांचा ढीग ढासळावा तसा आवाज वर वर येत गेला. पुढच्या बैलाने धुक्यात काय पाहिलं ते तोच जाणे. तो फिरला, दावं तुटलं, बुधले गडगडले आणि सगळे बैल मिळेल त्या वाटेने उधळले. ढोल उताराला लागला. भोयांनी डोली खाली टेकवली आणि पळाले. त्यांना नावं ठेवू नका, त्यांचीही लेकरं घरी होती.

शेट एका खडकाआड पडला होता. त्याने डोकं वर काढलं तेव्हा धुक्यातून काळं काहीतरी उभं राहिलं. छातीवर पांढरा पट्टा, पाठीला चिकटलेलं पिल्लू. मादी दोन पायांवर उभी राहून हवा हुंगत होती. मग ती खाली झाली आणि डोलीकडे चालू लागली, सावकाश, रोजच्या वाटेने चालावं तशी.

डोलीचा पडदा अर्धा सरकलेला होता. आतून लेकीला अस्वल दिसत होतं आणि बापही दिसत होता.  बांगड्या वाजू नयेत म्हणून तिने एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट आवळून धरलं होतं. काकवीचं मडकं तिच्या मांडीवरच होतं. अस्वलाने पडद्याच्या आत तोंड घातलं.

शेट आयुष्यात पहिल्यांदा इतका भ्याला. स्वतःसाठी नाही. त्याच्या हाताशी मधाचा एक बुधला पडला होता. त्याने कमरेची सुरी काढली, बुधल्याचं चामडं फाडलं आणि सगळा मध स्वतःच्या डोक्यावर, पाठीवर ओतून घेतला. मग उभा राहून ओरडला, "इकडे ये! इकडे!"

अस्वलाने तोंड बाहेर काढलं. वास आला. ते वळलं. शेट घळीच्या दिशेने पळाला आणि काठावरून खाली कोसळला.

खाली त्याचीच मडकी होती. तो ढिगात कमरेपर्यंत रुतला, मग खांद्यापर्यंत. खापरांनी हातपाय फाटले. वरून आणखी मडकी घसरत आली आणि तो पालथा दबला गेला, पाठ तेवढी उघडी. उठायला जावं तर ढीग हलत होता. मग तो हललाच नाही.

अस्वल उतरलं. त्याच्या डोक्यापाशीच बसलं. खसखस सुरू झाली.

वाडी वर्षभर जो आवाज ऐकत होती तो शेटने आज ऐकला, आणि तोही कानापासून हातभर अंतरावर. एक मडकं चाटून झालं की ते बाजूला फेकायचं, दुसरं ओढायचं. घाई नव्हती. आंबलेल्या काकवीच्या वासाने शेटचा श्वास कोंडला. प्रत्येक मडकं त्यानेच पाठवलेलं होतं. ते रिकामं झाल्यावर कुठे जातं हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आता त्याला सगळं नीट दिसत होतं, पण डोळे मिटून घेतल्यावर.

मग त्याच्या पाठीवर गरम श्वास आला. अस्वलाची जीभ कानशीसारखी असते. मधासोबत कातडीही निघत गेली. शेटने तोंडात खापर धरलं आणि ओरडणं गिळून टाकलं. अस्वलाने त्याला मडक्यासारखंच चाटून स्वच्छ केलं. पुढे काय करावं याचा ते विचार करत असावं, तेवढ्यात पिल्लू एका मडक्यात तोंड अडकून रडायला लागलं. मादी तिकडे गेली. पिल्लाच्या तोंडातलं मडकं फोडलं, त्याला पाठीवर घेतलं आणि निघून गेली. तिचं पोट भरलं होतं. शेट वाचला तो एवढ्यामुळेच.

अस्वल घळीत उतरताच भोई परत आले होते. त्यांनी डोली उचलली आणि खाली पोचेपर्यंत खांदा बदलला नाही. वाडीतल्या गड्यांनी दोर टाकून शेटला वर काढलं.

लेकीला मुलगी झाली. शेट कितीतरी दिवस पालथा पडून होता, पाठीला वारा लागला तरी कळवळायचा. लोक भेटायला यायचे आणि बाप असावा तर असा, म्हणायचे. शेटलाही ते ऐकून बरं वाटायचं.

एकदा लेक तान्हीला घेऊन त्याच्या खाटेजवळ बसली.  मग म्हणाली, "अप्पा, तुम्ही मला वाचवलंत, हे मी कधी विसरणार नाही. पण त्या अस्वलाला तिथे जेवायला बसवलं कुणी? तुम्ही मडकी धाडलीत, मी फेकली. आता सासरहून बोलावणं आलंय. घळ गप्प झाल्याशिवाय मी हिला घेऊन त्या वळणावरून जाणार नाही."

 वर सासू नातीचं तोंड बघायला झुरत होती आणि मधे ते वळण होतं.

पाठीच्या जखमा भरल्यावर शेटने मधाची खेप बंद केली. बैल रिकामे वर न्यायला लावले. भर दुपारी, मशाली पेटवून, गडी घळीत उतरायचे आणि खापरं जाळ्यांत भरून वर द्यायचे. बैल ती खाली आणायचे. कुंभार त्यांची भुकटी करून नव्या मातीत मिसळायचा, त्याचे पुन्हा जाड घडे व्हायचे. वाडीत पोळ्यांना हात लावायचा नाही, असं ठरलं. उंबऱ्याबाहेर पुन्हा उपडे घडे दिसायला लागले. सुना थोड्या फुगल्या, पण घासायला बसल्या.

आता सगळं सुखाचं झालं असं वाटेल. तसं झालं नाही. घळ रिकामी झाली आणि भीती वाढली. अस्वलं तर यायचीच. त्या पिल्लाला बिचाऱ्याला मडक्याशिवाय दुसरं जेवण कुणी शिकवलंच नव्हतं. ती रिकामी घळ उकरायची आणि मग वास काढत घरांपाशी यायची. दारावर नखं ओढल्याचा आवाज आला की आतली माणसं एकमेकांचे हात घट्ट धरायची. वाडीतले लोक शेटला म्हणाले, घळीत थोडी काकवी टाकत जा, म्हणजे जनावर तिथेच राहील, दारापर्यंत येणार नाही.

शेटलाही मोह झाला. तेवढ्याने आजचं भागलं असतं. पण तो म्हणाला, "नाही. आज थोडी टाकली तर उद्या जास्त टाकावी लागेल. दारं मजबूत करा. लाकूड मी देतो."

रानात मोहोळं पुन्हा धरायला दोन फुलोरे जावे लागले. अस्वलं एकदम गेली नाहीत. आधी रोज येणारी ती अधूनमधून आली, मग दारं सोडून घळीपर्यंतच आली, मग काठावरच्या मातीत पाऊल दिसेनासं झालं. तरी पुढे कितीतरी दिवस कुणी संध्याकाळी दार उघडं ठेवलं नाही.

शेवटी एका सकाळी लेक वर जायला निघाली. तान्ही आता तान्ही राहिली नव्हती, बोट धरून चालत होती. मागे बैल होते, त्यांच्यावर जाड घडे. आज शेटही बरोबर होता.

वळण आलं तशी लेक थांबली. पोरीला कडेवर घेतलं, तिच्या तोंडावर हलकेच हात ठेवला आणि कान दिला. खाली काही वाजत नव्हतं. शेट म्हणाला, "आता काही नाही गं. चल."

तिने बापाकडे बघितलं. रागाने नाही, पण हसूनही नाही.

"अप्पा, तुम्ही पुढे व्हा. काही असलंच तर आधी तुम्हाला भेटू दे."

 शेट बैलांच्या पुढे झाला, लेकीच्या पुढे झाला आणि वळणावरून एकटा चालत गेला.

तात्पर्य: भरलेलं घरोघर पोचवणाऱ्याने, रिकामं झाल्यावर ते कुठे जातं, हेही स्वतः जाऊन बघावं. तो गेला नाही, तर एक दिवस त्याच्या लेकरांना त्या वाटेने जावं लागतं.